लाल वर्तुळातला अंगठा

वैशालीने वाक्य टाइप केलं आणि तिचे हात कीबोर्डवरच थिजले. 'गावातल्याच एका बाईच्या फितुरीमुळे गुणाजी पोलिसांच्या हाती लागले.' एवढंच वाक्य. ते जाड ठशात छापायचं, पुठ्ठ्यावर चिकटवायचं आणि रविवारी खारमाळ गावात सगळ्यांच्या डोळ्यांसमोर टांगायचं, असं ठरलं होतं. ती फितूर बाई या घडीला रोह्याजवळच्या वरसे गावातल्या घरात ओट्याशी उभी राहून तांदळाच्या भाकऱ्या थापत असेल, हे त्या खोलीत फक्त वैशालीला ठाऊक होतं. कारण ती बाई म्हणजे तिची आई, रंभा.

आहे की नाही नशिबाची थट्टा? जिच्या आईला गावाने चाळीस वर्षं वाळीत टाकलं, त्याच लेकीने आईच्या कपाळावरचा डाग सुबक अक्षरांत छापून द्यायचा!

"झालं का गं?" आतल्या खोलीतून नूतनताईंनी विचारलं.

"होतंय," वैशाली म्हणाली.

नूतनताई म्हणजे 'लोकचळवळ संग्रहा'च्या कर्त्याधर्त्या. रोह्यातल्या एका वाचनालयाच्या माडीवर दोन खोल्यांत त्यांनी हा संसार मांडला होता. संपांची पत्रकं, मोर्च्यांचे फलक, छातीवर लावायचे बिल्ले, सभांचे फोटो, गाण्यांच्या कॅसेटी, सगळं गावोगाव फिरून गोळा केलेलं. खालच्या वाचनालयातले लोक नाक मुरडायचे, रद्दीचं दुकान म्हणायचे. ताई ऐकून घ्यायच्या आणि म्हणायच्या, "सरकार आपले कागद सांभाळतं, शेठ आपले सांभाळतो. ज्यांनी लाठ्या खाल्ल्या त्यांचं कोण सांभाळणार?" वैशाली तिथे स्कॅनिंगचं आणि नोंदणीचं काम करायची. आडनाव नवऱ्याचं, राहणं वरशाचं. तिचं मूळ गाव कुठलं हे कोणी खोदून विचारलं नव्हतं. तिनेही सांगितलं नव्हतं. कशाला आपल्याच हाताने खपली काढा?

ते वाक्य दिलं होतं हरेशने. गुणाजीचा मुलगा, म्हणजे वैशालीचा सख्खा मामेभाऊ. आदल्या दिवशी तो माडीवर येऊन बसला होता, पांढरा कडक सदरा, आपल्या गावच्या गावकीचा पंच, तसाच बोलण्यात रुबाब. वैशालीनेच त्याच्यासमोर चहा ठेवला. जन्मात पहिल्यांदा भावाला चहा दिला, आणि भावाला पत्ताच नाही!

"ताई, बाईचं नाव नका घालू, कोर्टकचेऱ्या नकोत," तो नूतनताईंना म्हणाला होता. "पण वाक्य ठळक पाहिजे. ज्यांना समजायचं त्यांना समजेल." मग वैशालीकडे वळून त्याने सहज विचारलं, "तुमचं माहेर कुठलं?"

"पेणकडचं," ती म्हणाली आणि रिकामा ट्रे उचलून आत गेली. आत जाऊन किती तरी वेळ ती भिंतीला टेकून उभी होती.

खारमाळ हे वडखळच्या फाट्यापासून आत, खाडीच्या काठचं गाव. भात थोडं, मिठागरं फार. चाळीस वर्षांपूर्वी तिथल्या मीठ कामगारांनी संप केला. दिवसभर टाचा आणि बोटं खाऱ्या पाण्यात कुजवायची आणि शेठ देईल ती मजुरी घ्यायची, हे पुरे झालं होतं. संप लांबला, चुली थंड पडल्या, तेव्हा रंभाने रोह्याकडच्या डोंगरकुशीतल्या माहेरी निरोप धाडला. तिचा धाकटा भाऊ गुणाजी तिथल्या शेतकऱ्यांकडून तांदळाची पोती जमवून बैलगाडीने खारमाळात आला, आणि संप संपेपर्यंत हलायचं नाही म्हणून तिथेच राहिला. असा माणूस! भाऊ असावा तर असा.

संपकऱ्यांनी शपथ घेतली ती मांजरपाटाच्या एका चौकोनी तुकड्यावर. सही कोणाला येत नव्हती, आणि येणाऱ्यालाही त्यांनी करू दिली नाही. अक्षर आलं की नाव आलं, नाव आलं की पोलीस आले, असा त्यांचा हिशेब. अंगठ्याला कुठे नाव असतं? म्हणून प्रत्येकाने छपाईच्या काळ्या शाईत अंगठा बुडवला आणि कापडावर गोलाकार ठसे उमटवले. गोलाला ना सुरुवात ना शेवट, म्हणजे पुढारी कोण हेही कळायला नको. कोणाचा अंगठा कुठला, हे मरेपर्यंत तोंडातून काढायचं नाही, ही पण शपथच.

मग एके रात्री मिठागराचा बांध फुटला. उभं मीठ खाडीत वाहून गेलं. पोलिसांनी झोपड्या उचकल्या आणि ते कापड घेऊन गेले. काही दिवस गेले, आणि एका सकाळी त्यांनी बरोब्बर एकट्या गुणाजीला उचललं. गावातला एकही माणूस नाही, आणि बाहेरगावचा पाहुणा मात्र नेमका उचलला. नाव सांगितल्याशिवाय हे होतं का? गावाने डोकं लढवलं. आदल्याच संध्याकाळी रंभा शेठच्या बंगल्याच्या मागच्या दारातून बाहेर पडताना लोकांनी पाहिली होती, पदराआड काहीतरी घेऊन. ती औषधाची बाटली होती. तान्ह्या वैशालीचं अंग तापाने फणफणलं होतं आणि शेठाणीकडे औषध असायचं, म्हणून आईचा जीव तिकडे धावला. पण गावाला बाटली दिसली नाही, बंगला दिसला. सख्ख्या भावाला विकलं हिने!

गुणाजी तुरुंगात काविळीने पोखरला गेला. जामिनावर घरी आला आणि पावसाळा संपायच्या आत गेला. रंभाला भावाचं तोंड पाहू दिलं नाही. माहेर तुटलं, आणि सासरच्या गावाने तिला वाळीत टाकलं. तिच्याशी बोलेल त्याला दंड, विहिरीवर तिची घागर बंद, तिच्या घरचं पाणी कोणी प्यायचं नाही, तिला कोणी द्यायचं नाही. आता यावर कायदा झालाय, पण गावकी काय कायद्याला विचारून तोंड फिरवते? नवरा-बायको पोरीला घेऊन रोह्याच्या बाजूला आले, मोलमजुरी करत राहिले. नवरा गेला तेव्हा खारमाळातून खांद्याला एक माणूस आला नाही. रंभाने फक्त एकदाच लेकीला म्हटलं होतं, "मला कायच नको गो. त्या गावात कोनाच्या तरी हातचं घोटभर पानी प्यायचं हाय, मग डोळे मिटले तरी चालतील."

तर असं ते वाक्य होतं. वैशालीने ते तसंच पडद्यावर ठेवलं आणि छापायची चालढकल म्हणून कापडाचं काम काढलं.

कापड पेणहून आलं होतं. संपकऱ्यांच्या वकिलांच्या मुलाने, प्रविणने, वडिलांची जुनी ट्रंक संग्रहाला दिली, त्यात ते घडी घालून ठेवलेलं सापडलं. खटला बंद झाल्यावर कोर्टाने परत केलेलं. वैशालीने ते स्कॅनरवर अंथरलं, पडद्यावर मोठं केलं आणि एकेक अंगठा बघत गेली. पहिला ठसा काळा, गुळगुळीत, जांभूळ चिरडल्यासारखा. दुसरा तसाच. तिसरा तसाच. शाई जास्त झाली असेल, तिला वाटलं. पण पुढचेही तसेच, फिकट शाईचेही तसेच. रेघ म्हणून नाही. आणि मग एक अंगठा आला, त्यावर रेघाच रेघा. वळसे घेत गेलेल्या, स्वच्छ, मोजून घ्याव्यात अशा. त्याच्याभोवती कोणीतरी लाल शाईने बारीक वर्तुळ काढलं होतं.

वैशाली खुर्चीत मागे रेलली. तिला आठवलं रेशनचं दुकान. दर महिन्याला तोच तमाशा. आई मशीनवर अंगठा ठेवते, मशीन नकार देतं. "आजी, बोट पुसून ठेवा," दुकानदार खेकसतो. आणि आई म्हणते, "पुसून काय व्हनार रे बाबा? मिठानं खाल्लंय त्याला."

मिठाने खाल्लंय! वर्षानुवर्षं मिठागरात राबलेल्यांच्या बोटांना रेघा राहतात कुठे? सगळ्या गावाचे अंगठे कोरे, पाटीसारखे. पोलिसांनी डोकं आपटलं असतं तरी एकाचाही ठसा जुळला नसता. रेघा होत्या त्या फक्त मिठात कधी हात न घातलेल्या माणसाला. भातशेतीतून आलेल्या पाहुण्याला. काखेत कळसा आणि गावाला वळसा! फितूर म्हणून गावाने बाई शोधली, आणि फितूर तर त्या कापडावरच बसला होता.

वाटणं वेगळं आणि असणं वेगळं. दुसऱ्या दिवशी, शनिवारी सकाळी, तिने पेणची एसटी पकडली.

प्रविणचं स्टेशनरीचं दुकान गणपतीच्या कारखान्यांच्या आळीत होतं. बाहेर फळ्यांवर रंग न दिलेल्या पांढऱ्या मूर्ती ओळीने वाळत होत्या. वैशालीने मोबाइलवरचा फोटो त्याच्यापुढे धरला. "हे लाल वर्तुळ कोणी काढलं, तुम्हाला माहीत आहे?"

प्रविणने चष्मा कपाळावर चढवला. "ते होय? सरकारी ठसेतज्ज्ञाने. बाबा किती वेळा सांगायचे! म्हणायचे, एवढे अंगठे, आणि सरकारला वाचता आला तो एकच. गुणाजी आधी कुठल्या तरी मोर्च्यात पकडला गेला होता, तेव्हाचे त्याचे ठसे पोलिसांकडे होते. त्याच्याशी ताडून पाहिलं आणि उचलला."

"म्हणजे नाव कोणी सांगितलं नव्हतं?"

"नाव कशाला सांगायला पाहिजे? अंगठ्यानेच सांगितलं की!"

वैशालीला रडू की ओरडू असं झालं. "मग तुमच्या बाबांनी गावाला का नाही सांगितलं हे?"

"अहो, विचारलं कोणी?" प्रविण बिचारा गोंधळला. "तो माणूस गेला, केस बंद झाली. गावात कोण कोणावर डूख धरून आहे, हे वकिलाला कोण सांगतं? का, काय झालं?"

काय झालं! एका बाईचं आयुष्य झालं, दुसरं काय?

दुपारी ती माडीवर परतली आणि नूतनताईंना सगळं सांगून टाकलं. आपण कोणाची मुलगी हेही. ताईंनी पडद्यावरचं ते वाक्य वाचलं आणि स्वतःच्या हाताने पुसलं.

"हे मी काढलं," त्या म्हणाल्या. "पण तुझं वाक्य मी घालणार नाही, वैशाली. आपण निवाडे छापत नाही. कापडाखालची जागा कोरी राहील. गावापुढे काय सांगायचं ते तू सांग. आहे हिंमत?"

"आहे," वैशाली म्हणाली. नव्हती. पण म्हणाली.

संध्याकाळी घरी आली ती जवळजवळ धावतच. आई पायरीवर बसून वाल सोलत होती. वैशालीने चपला काढायच्या आत बोलायला सुरुवात केली. कापड, अंगठे, मिठाने खाल्लेल्या रेघा, लाल वर्तुळ, प्रविण, सगळं एका दमात. "आये, सुटलीस तू! उद्या सगळ्या गावासमोर सांगते. आता बघू कोण तोंड फिरवतो ते!"

रंभाचे हात थांबले. तिच्या चेहऱ्यावर आनंद येईल म्हणून वैशाली वाट पाहत होती. तो आलाच नाही. उलट होता नव्हता तो रंगही उतरला.

"रेघा दिसल्या त्याच्या? नीट?" रंभाने विचारलं.

"एकदम स्पष्ट."

"आनि बाजूला? त्या अंगठ्याला चिकटून दुसरा हाय?"

वैशालीला आठवलं. "आहे. एक लहानसा, अर्धवट. कोरा."

रंभाने वालाची परात बाजूला सारली. "सांगू नको कोनाला," ती म्हणाली.

"काय?"

"कोनाला सांगू नको म्हटलं ना गो! जे चाललंय ते चालू दे."

वैशालीच्या अंगाचा तिळपापड झाला. "अगं पण का? चाळीस वर्षं तू शिव्या खाल्ल्यास! बाबांना खांदा मिळाला नाही! माझ्या लग्नात तुझ्या बाजूने एक माणूस उभा नव्हता! आणि आता पुरावा हातात आलाय तर गप्प बसू? कोणासाठी? त्या हरेशसाठी?"

रंभा उठून आत गेली. ती जेवली नाही. वैशालीने दोनदा हाक मारली, आई भिंतीकडे तोंड करून पडून होती. झोपलेली नव्हती, हे लेकीला कळत होतं. काय लपवतेय ही? एक वाईट शंका वैशालीच्या मनात शिरली आणि तिने ती झटकली, पण ती पुन्हा आली. खरंच काही केलं तर नव्हतं ना हिने?

रविवारी सकाळी वैशाली निघाली तेव्हा रंभा इस्त्रीचं लुगडं नेसून दारात उभी.

"मी पन येते."

"तिथे तुला कोणी उभं करणार नाही, आये."

"ते मी बघून घेईन. चल."

नूतनताईंच्या गाडीत तिघी निघाल्या. कापडाची काचेची चौकट मागच्या सीटवर रंभाच्या शेजारी होती, तिच्यावर चादर टाकलेली. नागोठणं गेलं, वडखळचा फाटा आला, गाडी आत वळली. खाडीचा वास आला तशी रंभाने चादरीवर हात ठेवला आणि गावात पोचेपर्यंत उचलला नाही.

शाळेच्या पटांगणात मांडव घातला होता. संपाला चाळीस वर्षं झाल्याचा सोहळा. हरेशच्या गळ्यात हार, हुतात्म्याचा मुलगा म्हणून पहिली खुर्ची त्याची. नूतनताईंनी चौकट टेबलावर उभी केली, चादर काढली, आणि माणसं पुढे सरकली. आपापल्या आईबापांचे अंगठे होते ते. कोणी हात जोडले.

रंभा मांडवाच्या कडेला, बायकांच्या मागे उभी राहिली. आधी कोणाचं लक्ष गेलं नाही. मग धोंडुबाईचं गेलं. धोंडुबाई रंभाच्याच वयाची, एके काळी दोघी एकाच बांधावर राबलेल्या. तिने पाहिलं, पदर ओढून घेतला आणि दोन पावलं बाजूला झाली. तिच्याबरोबर शेजारच्या बाया सरकल्या. बघता बघता रंभाच्या भोवती रिकामं झालं.

हरेशची नजर कापडाखालच्या कोऱ्या पुठ्ठ्यावर होती. "ताई, मजकूर कुठाय? आपलं ठरलं होतं!"

"या मुलीला त्याबद्दल बोलायचंय," नूतनताई म्हणाल्या.

वैशाली पुढे झाली. तिने माइक हातात घेतला. "मी रंभाची मुलगी," ती म्हणाली.

मांडवात कुजबुज उठली. हरेश ताडकन उभा राहिला. त्याने वैशालीला ओळखलं, चहावाली. मग त्याची नजर मागे गेली आणि मोकळ्या जागेत एकटीच उभी असलेली म्हातारी त्याला दिसली. "हिला इथे कोणी आणलं?" तो गरजला. "माझ्या बापाच्या कार्यक्रमाला? ताई, हा तुमचा संग्रह? उचला ते कापड! नाहीतर मी उचलतो!"

त्याने खरंच चौकटीला हात घातला. वैशालीने दुसऱ्या बाजूने ती धरली. क्षणभर दोघं भावंडं कापडाच्या दोन बाजूंना, आणि मध्ये काच कुरकुरली.

"ने उचलून," वैशाली म्हणाली. "पण आधी सगळ्यांसमोर अंगठा दे तुझा. पॅड आणलाय मी. घाबरतोस?"

"मी कशाला घाबरू?"

"मग दे की! आधी गावातल्या जुन्या कोणीतरी द्या. संपात होतं असं कोणीतरी."

कोणी हललं नाही. वैशालीने शाईचा पॅड आणि कोरा कागद टेबलावर ठेवला आणि वाट पाहिली. मांडवाचं कापड वाऱ्याने फडफडत होतं. हे असंच फसणार आणि आईला घेऊन मान खाली घालून परत जावं लागणार, असं तिला वाटायला लागलं. तेवढ्यात धोंडुबाई पुढे आली.

"काय खूळ हाय ते बघू तरी," ती पुटपुटली. "घे गो माझा." तिने अंगठा पॅडवर दाबला आणि कागदावर उमटवला. काळा, गुळगुळीत डाग. आणखी एक म्हातारी आली, मग एक म्हातारा. डाग आणि डाग.

"आता तू, हरेशदादा."

गावासमोर मागे हटणं पंचाला शोभत नाही. हरेशने दात आवळून अंगठा दाबला. कागदावर रेघा उमटल्या, वळसे घेत गेलेल्या. वैशालीने तो कागद उचलला आणि काचेला लावून धरला, लाल वर्तुळाच्या शेजारी.

"मिठाने तुमच्या बोटांच्या रेघा खाल्ल्या," ती म्हणाली. "पोलिसांना कोणाचा अंगठा वाचता आला नाही. मामाच्या रेघा शाबूत होत्या, आणि जुन्या मोर्च्यातले त्याचे ठसे पोलिसांकडे होते. हे वर्तुळ सरकारी ठसेतज्ज्ञाचं आहे. वकिलांचा मुलगा पेणला बसलाय, जा आणि विचारा. माझी आई त्या बंगल्यात गेली ती माझ्यासाठी औषध आणायला. नाव कोणी सांगितलं नाही. अंगठ्याने सांगितलं."

माणसं कागदाकडे बघत होती, मग कापडाकडे, मग आपापल्या हातांकडे. धोंडुबाई आपला काळा झालेला अंगठा डोळ्यांजवळ नेऊन पाहत राहिली. "अरे देवा," ती हळूच म्हणाली. "काय करून बसलो रे आपन!"

हरेश खुर्चीत बसला. नव्हे, कोसळला. चाळीस वर्षं ज्या रागावर तो उभा होता तो पायाखालून निघून गेला होता. थोड्या वेळाने तो उठला. पाहुण्यांसाठी ठेवलेल्या पाण्याच्या पिंपाकडे गेला, एक पेला भरला, आणि तो घेऊन त्या मोकळ्या जागेत रंभासमोर उभा राहिला. त्याने नुसता पेला पुढे केला.

वैशालीच्या डोळ्यांत पाणी आलं. झालं! हेच तर हवं होतं आईला!

रंभाने पेला घेतला नाही.

"आदी ऐक," ती म्हणाली. "मग दे, न्हायतर ओतून टाक."

"आये, नको," वैशाली पुटपुटली. काय येणार हे तिला ठाऊक नव्हतं.

"मी फितुरी केली नाय. पन त्या दिशी गुना अंगठा द्यायला तयार नव्हता. म्हनाला, आक्का, मी पावना, तुमच्या गावच्या शपथेत माझं काय काम? मी हसले त्याला. म्हटलं, भ्यालास काय रे? बहिनीच्या गावात नुसता जेवायला आलास? समद्या बाया हसल्या." तिने धोंडुबाईकडे पाहिलं. धोंडुबाईने मान खाली घातली. "मग मी त्याचा हात धरला. शाईत मी बुडवला आन कापडावर मीच दाबला. माजा अंगठा त्याच्या बाजूला लागलाय, बघ जाऊन. इतकी वर्सं मला वाटायचं, माजी कायच चूक नाय, उगाच भोगते. काल कळलं. माज्या भावाला मीच धरून दिला, हरेश. ह्याच हातानं."

एवढ्या खटपटीने धुऊन काढलेला डाग आईने स्वतःच्या हाताने पुन्हा कपाळाला लावला, असं वैशालीला वाटलं. कोणी मागितलं होतं हे? गप्प बसली असती तर काय बिघडलं असतं? पण रंभा तशीच उभी होती, दोन्ही हात खाली सोडून, जो काय निवाडा होईल तो घ्यायला.

हरेश तिच्याकडे बघत होता. बाप गेला तेव्हा तो पाटी-पेन्सिलच्या वयाचा. बापाचा चेहरा त्याला फोटोतून माहीत, आवाज तर माहीतच नाही. बापाचं बोललेलं एक वाक्य त्याला कधी कोणी सांगितलं नव्हतं. सांगणारी एकच होती, आणि तिचं तोंड सगळ्यांनी मिळून बंद करून टाकलं होतं.

"अंगठा दिल्यावर," त्याने विचारलं, "काय म्हणाला तो?"

रंभाला हा प्रश्न अपेक्षित नव्हता. "हसला," ती म्हणाली. "म्हनाला, आक्का, आता पुसायला फडकं तरी दे. असाच घरी गेलो तर पोरगं विचारंल, बाबा, शाळेत गेलतास काय तू?"

हरेशचा हात कापायला लागला. पेला हिंदकळला, पाणी त्याच्या पांढऱ्या सदऱ्यावर आणि रंभाच्या पायांवर सांडलं. त्याने दुसऱ्या हाताने पेला सावरला आणि पुन्हा तिच्यापुढे धरला.

"आत्ये," तो म्हणाला, "धर ना लवकर. सांडतंय सगळं."